मटणानं मिटलेली केस

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे धुतलेली वाकळ पिळणं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ही, माझी बायको. गुरुवार होता. तेवढ्यात फोन वाजला. "वाजू दे," म्हणाली. पण फोन कागलच्या कंपनीतल्या एचआर मॅडमचा. मी टोक सोडलं. वाकळ मातीत पडली आणि मी शिव्या खाल्ल्या.

मी सिक्युरिटी गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीत सुपरवायझर. शाळा सातवीपर्यंत. कागल एमआयडीसीतल्या गेटांवर माझी माणसं उभी असतात.

"काका, मारुती गार्डचा बॅकग्राउंड चेक आलाय," मॅडम म्हणाल्या. "क्रिमिनल केस पेंडिंग दाखवतंय. त्याला काढा."

"मॅडम, तो गेटातनं खिळा बाहेर जाऊ देत नाही."

"मला माहिताय. पण पॉलिसी आहे. शनिवारपर्यंत क्लिअर झालं तर ठीक, नाहीतर सोमवारी दुसरा माणूस द्या."

मारुती म्हणजे हिचा चुलतभाऊ, गारगोटीकडचा. त्याच्या घरात पगार आणणारा तो एकटाच. हिला सांगितलं तर हसायला लागली.

"कुस्तीवरनं मारामारी झालती, तीच केस न्हवं? मिटली की ती! मटण शिजलं, दोन्ही घरं एका पंगतीला बसली. मी सोत्ता वाढलंय."

खरं होतं. जत्रेत कुणाची पाठ टेकली यावरनं भाऊकीत काठ्या निघाल्या. शंकर हा हिचा दुसरा चुलतभाऊ, त्यानं पोलिसांत तक्रार दिली. आमच्याकडं तक्रार द्यायची तर समोरच्या घरातल्या सगळ्या बाप्यांची नावं घालायची, माणूस तिथं असो नसो. मारुती त्या वेळी म्हशीची धार काढत होता. पुढं बकरं कापून गोडी झाली. मग तारखेला कोण जातंय? सगळ्यांनी कोर्ट सोडलं. कोर्टानं केस सोडली नव्हती.

लोकांना वाटतं, शिक्षा झाली तरच नाव चेकमध्ये येतं. तसं नाही. केस कोर्टात गेली की नाव दिसायला लागतं. शिक्षा झाली, सुटला की केस अजून चालू आहे, ते कोर्ट लिहील तसं पुढं येतं. कोर्टानं काहीच लिहिलं नाही तर 'पेंडिंग'. आधी आम्ही पोलीस पाटलाचा दाखला घेऊन माणूस उभा करायचो. आता कंपन्या कॉम्प्युटरवर नाव टाकून बघतात. कॉम्प्युटर पंगतीला नव्हता.

गारगोटीच्या वकिलाला फोन केला. तो म्हणाला, "शनिवारी लोकअदालत आहे. तिथं तडजोडीनं केस मिटते. पण फिर्यादी स्वतः पाहिजे."

फिर्यादी म्हणजे शंकर. मारुतीनं त्याला विचारलं, तर तो फोन ठेवून मोकळा.

"मी बघते त्याच्याकडं," ही म्हणाली. "उद्या सकाळच्या एसटीनं जाते. माझ्याम्होरं बोलंल काय तो?"

शुक्रवारी पहाटे तिला अटॅक आला. दवाखान्याच्या दारातच गेली.

दुपारी माहेरची माणसं तिच्यासाठी साडी घेऊन आली. त्यात शंकर होता. अग्नी दिल्यावर मी त्याला बाजूला घेतलं.

"शंकर, उद्या कोर्टात यायचं."

"दाजी, आज ह्यो इषय?"

"लोकअदालत उद्या हाय. मग कवा काढू?"

"तुमास्नी सुतक हाय."

"मला हाय. कोर्टाला न्हाय."

"आन् खोटी तक्रार दिलती म्हणून मलाच आत घातलं तर?"

"खोटी म्हणू नगंस. मिटलं म्हण. वकिलाला इचारलंय मी."

तो जाळाकडं वळला. "आक्का माझ्याकडं यायची हुती म्हणं?"

"आज सकाळच्या गाडीनं."

त्यानं उपरण्यानं नाक पुसलं. "किती वाजता येऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गारगोटीची एसटी धरली. घरात सगळे बघत राहिले, अडवलं कुणी नाही. कोर्टात शंकर आधीच येऊन बसला होता, दोन्ही घरच्या बाप्यांना घेऊन.

जज्जसाहेबांनी शंकरला विचारलं, "स्वखुशीनं मिटवताय?"

"व्हय साहेब. तवाच मिटलंय. जेवणसुदीक झालं."

"जेवण झाल्यावर इथं कळवायचं असतं," साहेब म्हणाले आणि पुढचा कागद ओढला.

निकालाची कॉपी मिळाली. कॉपीचा फोटो मॅडमना पाठवला. फोन आला, "ओके काका, ठेवा त्याला. कॉम्प्युटरवर यायला वेळ लागेल, तोवर कॉपी फाईलला लावा." मारुतीला तिथनंच सेकंड शिफ्टला पाठवला.

भाऊकीत गोडी करायची असेल तर खुशाल बकरं कापा. पण हात धुतल्यावर कोर्टात जावा.

घरी आलो. सोप्यात बायका बसल्या होत्या. पायरीवर चप्पल काढता काढता मी आत बघून म्हणालो, "मारुती ऱ्हायला गं कामावर."

बायकांनी माना वर केल्या. मी पाय धुतले आणि आत गेलो.