दाराजवळचं पोतं

फुलं सोलायच्या त्या लांबलचक खोलीत तिला सगळ्या चिमटी म्हणत. केशराचं फूल चिमटीत धरून तीन लाल तंतू एका झटक्यात वेगळे करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. जांभळ्या पाकळ्या खाली पडत आणि बायका त्यांच्यावरच पाय ठेवून बसत. मऊ लागतं म्हणून. संध्याकाळी कोपऱ्यातल्या उंदरांच्या औषधाच्या दाण्यांसकट सगळं झाडून दाराजवळच्या पोत्यात जाई. पूर्वी ते पोतं उकिरड्यावर रिकामं होत असे. तीन हंगामांपूर्वी मालकाने त्याच पाकळ्यांचा अर्क काढून सरबतात घालायला सुरुवात केली.

तेव्हा तपासणीचा नमुना भरायचं काम मुकादमाने चिमटीला सांगितलं. बाई टापटिपीची. घरी पाहुणा यावा तशी तिने तयारी केली. हात धुतले, सकाळच्या फुलांच्या ताज्या पाकळ्या निवडल्या, घरच्या धुतलेल्या चादरीवर वाळवल्या. ‘खाण्यास सुरक्षित’ असा अहवाल आला, भिंतीवर लागला. येता-जाता त्याच्याकडे बघून ती सुखावत असे.

काल सुनेने त्या सरबताची बाटली आणली. नात एका हातात पेला धरून लेबल मोठ्याने वाचत होती, पाकळ्यांचा अर्क, प्रयोगशाळेत तपासलेला. चिमटीच्या डोळ्यांपुढे ते पोतं आलं. तिने पेला हिसकावून मोरीत ओतला. नातीने भोकाड पसरलं. सून म्हणाली, तुमच्याच कारखान्याचं आहे की, आई.

आज मुकादमाने पुन्हा बरणी आणि फॉर्म तिच्यापुढे ठेवला.

“मागच्यासारखंच करा, मावशी. तुमच्या हाताला यश आहे.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नमुना न्यायला आलेला तपासणीवाला दारातच थांबला होता. ती उठली, पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि बुरसट वासाच्या ओल्या पाकळ्या मुठीमुठीने बरणीत दाबल्या. ‘नमुना कुठून घेतला’ हा रकाना मागच्या वेळी मुकादमानेच भरला होता. या वेळी तिने स्वतः लिहिलं, ‘दाराजवळच्या पोत्यातून, जमिनीवरचा झाडलेला.’ खाली सही ठोकली आणि बरणी त्या माणसाच्या हातात दिली.

तो गेल्यावर मुकादमाला कंठ फुटला. “डोकं फिरलंय का? नापास होईल सगळं!”

“होऊ दे. मागे पास झाली ती माझी चादर.”

उद्यापासून येऊ नका, असं त्याने सुनावलं. आजचा दिवस तर आहे, म्हणत ती जागेवर बसली आणि टोपलीतलं फूल उचललं. आजूबाजूच्या बायकांनी गुपचूप पाकळ्यांवरचे पाय वर घेतले.

“आता कशाला उचलता?” ती खेकसली. “तीन वर्षं लोकांच्या पोटात गेलंय हे. माझी अक्कल शेण खायला गेली होती. तुमचे डोळे कुठे गेले होते?”