विद्यापीठाच्या तिजोरीवर यामिनीबाई

यामिनी देवस्थळी सरकारी बँकेतून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना कोलकात्यात येऊन नऊ वर्षं झाली होती. नवरा मनोहर केंद्र सरकारच्या नोकरीतून आधीच मोकळा झालेला. डमडमचं भाड्याचं घर सोडून नाशिकला परत जायचं, हे जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात न्यू टाउनच्या पलीकडे नुकत्याच निघालेल्या एका खासगी विद्यापीठाला वित्त अधिकारी हवा असल्याचं त्यांच्या कानावर आलं.

"वर्षभर करून बघते. तुमची हरकत नाही ना?" त्यांनी मनोहररावांना विचारलं.

"माझी कसली हरकत? नाशिकला असे मासे कुठे मिळणार मला?" मनोहरराव म्हणाले. लग्नात ते शाकाहारी होते.

विद्यापीठ म्हणजे एक चार मजली इमारत, तिचा अर्धा रंग अजून बाकी. मागे तळं, पुढे मोकळी जमीन आणि तिच्यावर चरणाऱ्या म्हशी. हिशेबाच्या खोलीत एक टेबल होतं आणि एक लोखंडी कपाट, ज्याची किल्ली कंत्राटदाराकडे राहिली होती. पहिला अर्धा दिवस बाईंनी ती किल्ली मिळवण्यात घालवला आणि उरलेला अर्धा कपाटातले कागद वाचण्यात.

कागद काही बरं सांगत नव्हते. चारशे विद्यार्थी येतील असं धरून अडतीस प्राध्यापक नेमले होते. आले होते एकशे त्रेसष्ट. फीचे पैसे फार तर मार्चपर्यंत पुरले असते. बँकेत एक मोठी रक्कम मात्र नुसती पडून होती, एक कोटी ऐंशी लाख. ती बेहालाच्या धीरेन कुंडूंची देणगी. कुंडूबाबूंचा पंख्यांचा कारखाना होता, आणि विद्यापीठ उभं राहिलं ते मुळात त्यांच्याच पैशावर. पण या रकमेला त्यांनी अट घातली होती : यातून फक्त प्रवेशद्वाराची दगडी कमान बांधायची आणि तिच्यावर त्यांच्या वडिलांचं, हरिपद कुंडूंचं, नाव कोरायचं.

ऑगस्टमध्ये एका सकाळी मौली नावाची मुलगी बाईंच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. तिला प्रवेश रद्द करून फी परत हवी होती.

"शिकवणं आवडलं नाही का?" बाईंनी विचारलं.

"खूप आवडतं, मॅम. पण मी बेहालाहून येते. सव्वासहाला निघते तेव्हा कुठे नऊला पोचते. मग वर्गात झोप लागते."

बाईंनी फॉर्म घेतला, पण त्यावर सही केली नाही. "पंधरा दिवस थांबशील? तुझे पैसे कुठे जात नाहीत."

मुलगी गेल्यावर त्यांनी आदल्या महिन्यात प्रवेश रद्द केलेल्यांचे अकरा फॉर्म काढले आणि पत्ते वाचले. अकरापैकी नऊ जण असेच लांबून, दोन-तीन वाहनं बदलून येणारे होते.

त्या तडक कुलगुरूंकडे गेल्या. डॉ. सान्याल हा मऊ स्वभावाचा, भौतिकशास्त्रात रमलेला माणूस. पैशाचा विषय निघाला की ते चष्मा पुसायला घेत.

"सर, आपल्याला कमान नको, बस हव्यात."

"पण ते पैसे कमानीचेच आहेत. कुंडूबाबूंनी तसं लिहून दिलंय."

"मग त्यांच्याकडून दुसरं लिहून आणते."

"तुम्ही कुंडूबाबूंना ओळखत नाही, मॅडम."

"खरंय," बाई म्हणाल्या. "ओळख करून घेते."

शहात्तर वर्षांचे कुंडूबाबू कारखान्यातच बसत. त्यांनी रसगुल्ले मागवले, बाईंचं मोडकंतोडकं बंगाली कौतुकाने ऐकून घेतलं आणि साफ नकार दिला. "दीदी, बाबांचं नाव दगडात राहिलं पाहिजे. बसचा पत्रा काय, दहा वर्षांत गंजतो."

बाईंनी वाद घातला नाही. "बरं. निदान एकदा आपली मुलं येतात तशा वाटेने विद्यापीठात याल? तुमची गाडी घरी ठेवून?"

"मला बस दाखवता?" कुंडूबाबू हसले. "या रस्त्यांवरून पंख्याची पाती डोक्यावर घेऊन हिंडलोय मी!"

सोमवारी सव्वासहाला ते ऑटोच्या रांगेत हजर होते. पांढरंशुभ्र धोतर, हातात छत्री. मौली वाट दाखवायला होती आणि यामिनीबाई आदल्या रात्रीच बेहालात एका मैत्रिणीकडे येऊन राहिल्या होत्या. ऑटो झाली, पहिली बस झाली. दुसऱ्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कुंडूबाबूंच्या छत्रीची मूठ एका बाईंच्या भाजीच्या पिशवीत अडकली आणि ती सोडवताना चार वांगी बसभर गडगडत गेली. लोकांनी ती हातोहात परत केली. कोणीतरी म्हाताऱ्याला बसायला जागा दिली, तसे कुंडूबाबू खुलले आणि कंडक्टरला म्हणाले, "मी माझ्या विद्यापीठात चाललोय."

"कुठलं विद्यापीठ?"

कुंडूबाबूंनी छाती पुढे काढून नाव सांगितलं.

"कधी ऐकलं नाही, दादू," कंडक्टर म्हणाला आणि तिकिटं फाडत पुढे सरकला.

शेवटचा टप्पा टोटोने, बॅटरीवरच्या रिक्षाने. कुंडूबाबू उतरले तेव्हा नऊ वाजून सात मिनिटं झाली होती. मौली त्यांना घाईघाईने नमस्कार करून वर्गाकडे पळाली. कुंडूबाबू कमानीच्या जागेवर जाऊन उभे राहिले. तिथे चार खुंट्या होत्या, चुन्याच्या रेघा होत्या आणि दोन म्हशी बसल्या होत्या.

"इथे कमान बांधली तर ती बघणार कोण?" त्यांनी स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं.

"सध्या तरी याच," म्हशींकडे बघत यामिनीबाई म्हणाल्या.

कुंडूबाबू इतके हसले की त्यांना छत्रीवर टेकावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाले, "बसवर नाव लिहिता येतं ना?"

"दोन्ही बाजूंना. मोठ्या अक्षरात."

"मागेसुद्धा. मागच्या गाडीवाल्याला वाचण्यावाचून गत्यंतर नाही. मग पाच बस घेऊ!"

"तीनच," बाई म्हणाल्या. "बस घ्यायला एकदाच पैसे लागतात, चालवायला रोज. उरलेले मुदत ठेवीत ठेवायचे. ड्रायव्हरांचे पगार आणि डिझेल त्यातून निघेल."

"देणगी माझी आणि आकडा तुमचा?"

"पाच घेतल्यात तर दोन वर्षांत पाचही इथेच उभ्या राहतील. त्यांच्यावरचं नावही मग म्हशीच वाचतील."

कुंडूबाबूंनी थोडी घासाघीस केली, चारवर आणायचा प्रयत्न केला, पण नऊ वाजून चाळीस मिनिटांनी तीन बसच्या पत्रावर सही केली. पत्र बाईंच्या पर्समध्ये टाइप करून तयार होतं हे पाहून ते पुन्हा हसले. डॉ. सान्यालांना ते पत्र दोनदा वाचावं लागलं.

दुर्गापूजेची सुट्टी संपली आणि तीन निळ्या बस सुरू झाल्या. एक बेहालाहून, एक डमडमहून, एक हावड्याहून. मौलीने फॉर्म परत नेला. बेहालाहून बस पावणेआठला निघू लागली आणि तिला दीड तास जास्त झोप मिळायला लागली. पहिल्या महिन्यात एक टायर फुटला, एकदा ड्रायव्हर रस्ता चुकून विमानतळावर गेला. पण गावभर हिंडणाऱ्या त्या गाड्या लोक वाचायला लागले. 'हरिपद कुंडू' हे कोण, म्हणून कारखान्यात फोन येऊ लागले आणि कुंडूबाबू प्रत्येकाला वडिलांची हकीकत पहिल्यापासून सांगू लागले.

मार्च कसाबसा निभावला. बाईंनी स्वतःचा पगार दोन महिने सर्वांच्या शेवटी घेतला. पुढच्या जूनमध्ये तीनशे एकाहत्तर मुलं आली. त्या वर्षीच्या ताळेबंदात पहिल्यांदाच चार लाख शिल्लक दिसली, तेव्हा डॉ. सान्याल चष्मा न पुसता म्हणाले, "मॅडम, प्रयोगशाळेसाठी मागू का?"

"मागा की," बाई म्हणाल्या, "पण तीन ठिकाणची कोटेशन्स आणा."

त्यांनी करार आणखी तीन वर्षं वाढवून घेतला आहे. मनोहरराव शेजारच्या बाईंकडून शोर्षे इलिश, म्हणजे मोहरीतला हिलसा, करायला शिकताहेत.