जिवंत माणसाच्या फोटोला हार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय — आणि सांगताना हसू येतंय, त्याचीही लाज वाटते.

आणे पठारावरच्या आमच्या गावात सार्वजनिक नळ कोरडा पडला, तेव्हा आम्ही बायकांनी त्या नळाचा दहावा घातला. अगदी रीतसर! आईनं झेंडूचे हार ओवले, चौथऱ्यावर पिंड ठेवला, श्रद्धांजलीची भाषणं झाली. कावळा काही शिवेना. “सरपंच पाण्याचा शब्द देईस्तवर न्हाई शिवायचा त्यो!” — गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि बाया पोट धरून हसल्या. एवढं मोकळं हसणं मी गावात कधी ऐकलं नव्हतं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. राज्यशास्त्र. “घाबरू नका, संविधानानं बोलायचं स्वातंत्र्य दिलंय,” हे भाषण मीच ठोकलं. त्याच कलमात पुढं मर्यादाही लिहिल्यात — मला पाठ होत्या. बोलले नाही. कशाला बोलू? टाळ्या पडत होत्या ना!

मग त्याच तोऱ्यात — उरलेला हार मी सरपंचांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, त्यांच्या फोटोला चढवला. जिवंत माणसाच्या फोटोला. सगळ्यांचे डोळे कावळ्याकडं होते.

हवालदार आले. “नळाचा दहावा घाला, कोण नाय म्हणतंय? पण ह्यो हार कुणी घातला? ही मरणाची धमकी झाली, बाई.”

माझी शिक्षिकेची नेमणूक तोंडावर आली होती. मी — खाली बघितलं.

“हार माझ्या हातचा हाय,” आई म्हणाली. “चला, कुठं यायचं?”

लग्नाला निघाल्यासारखी जीपमध्ये पुढं बसली. चौकीत माफी माग म्हटल्यावर म्हणाली, “आदी पाणी सोडा, मग मागते.” संध्याकाळी सरपंचच हसत हसत तिला घरी सोडून गेले. थोड्याच दिवसांत नळाला पाणी आलं. बायांनी तिला उचलून नळाखाली चिंब भिजवली. मीही नाचले.

हार चढवताना तिनं मला पाहिलं होतं का? विचारायचं धाडस कधी झालं नाही.

मला नोकरी लागली. दर पंधरा ऑगस्टला शाळेत मी अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर बोलते, आणि माझ्या अंगठेबहाद्दर आईनं सरपंचांच्या फोटोला हार कसा घातला, ते रंगवून सांगते. यंदाही सांगितलं. आई पहिल्या रांगेत होती.

पहिली टाळी तिचीच पडली.