बाबांची कंबर, माझा पाय आणि विलायती डॉक्टर

काल नात ऑस्टिओपॅथकडे जाऊन आली. "आजी, त्यांनी गोळी नाही दिली, नुसत्या हातानेच इलाज केला," म्हणाली… आणि मी डायरेक्ट हिंगणघाटला पोचले, सत्तावन्न सालात.

बाबा जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचे. दिवाळीच्या तोंडावर त्यांची कंबर अशी धरली की उठता येईना, बसता येईना. सीझन सुरू व्हायच्या आत उभे राहिले नाहीत तर त्यांच्या जागी दुसरा माणूस लागणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आता गंमत बघा. मी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अशा पोरीने पाठीला पाय लावला की उसण जाते म्हणतात, त्यामुळे अख्खा मोहल्ला माझ्यापुढे पालथा पडायचा!

पण बाबा आदल्या वर्षी नागपूरहून धम्माची दीक्षा घेऊन आलेले. असलं काही मानायचं नाही म्हणजे नाही. माझा पाय सगळ्यांना चालतो, फक्त माझ्याच बापाला नाही… फार लागलं होतं मला ते.

तेवढ्यात विलायतेत हीच विद्या शिकून आलेले एक डॉक्टर जिनिंगच्या आवारात आले. कुणाला इलाज करून घ्यायचा असेल तर आधी नीट ऐकून घ्या, म्हणाले. आम्ही बाबांना बैलबंडीत घालून नेलं.

ते सांगत होते… औषध नाही, सुई नाही. आधी सगळं विचारणार, उभं राहणं-चालणं बघणार, मग हाताने सांधे आणि स्नायू हलवणार. दुखतं एकीकडे, पण अडलेलं दुसरीकडेही असू शकतं. लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले.

माझी आत्या उठली. "म्हणजे तुमी पायाळू हाय का जी?"

डॉक्टर गोंधळले. आत्याने मला पुढे ढकललं. "हे पाहा, आमची हाये. साऱ्या मोहल्ल्याची उसण काढते, पन सख्खा बापच पाय लावू देत नाई!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

बाबा बंडीतूनच बोलले, "ते सोडलं जी आमी. पन साहेब, तिचा पाय अन् तुमचा हात, फरक काय? हे सांगा, नाईतर तुमालेबी हात लावू देनार नाई."

डॉक्टर म्हणाले, "मी आधी तपासतो. पाय बधिर असेल, ताप असेल, हाड मोडलं असेल तर ते माझं काम नाही, सरळ दवाखान्यात पाठवतो. आणि माझ्याने गुण आला नाही तर मला खुशाल सोडा."

बाबांनी मान डोलावली… आणि बंडीतच पालथे झाले.

डॉक्टरांनी खुबा दाबला, बरगड्या चाचपल्या, श्वास घ्यायला लावला. कट्ट नाही, कडकड नाही. आत्या तर पार नाराज झाली. दुसऱ्या दिवशी कंबर उलट जास्तच ठणकली. तसं होऊ शकतं, हे ते आधीच म्हणाले होते, पण आमचा धीर सुटलाच.

डॉक्टर आणखी काही वेळा आले. मधे शेजारणीने एरंडाचा पाला बांधला, आत्या लपून कसलासा अंगारा लावून गेली. पडून राहिल्याने आराम मिळाला तो वेगळाच.

एका सकाळी बाबांनी मला हाक मारली. मी आपली आशेने विचारलं, "पाय लावू का, बाबा?"

"पाय नोको वं माय. हात दे."

माझा हात धरून ते उठले. हळूहळू चालत जिनिंगच्या फाटकापर्यंत गेले, आणि सीझनला उभेही राहिले.

ते कशाने बरे झाले, मला आजही कळलेलं नाही. लोक विचारायचे, तेव्हा बाबाही सरळ "मालूम नाई" म्हणायचे… पण त्या सकाळी त्यांनी धरलेला हात माझा होता, एवढं मात्र मला पक्कं मालूम आहे.