नळीतलं रक्त थिजलं तरी

पेठच्या डोंगरातली चिमणाबाई बोलायला फटकळ. नवरा सोमा अगदी उलट. दिवसात चार शब्द बोलेल, त्यातले दोन बैलांशी. तरी दोघांचं बरं चाललं होतं.

शहाण्णव साली दिवाळीनंतर भात कापणीला आला. पेंढी उचलायला सोमा वाकला आणि घोणस पोटरीला डसली. चिमणाबाईनं पदर फाडून पाय आवळला आणि त्याला काळू भगताकडं नेलं. त्यांच्यात रीतच तशी. कडुनिंबाचा पाला चघळायला द्यायचा. गोड लागला तर विष चढलं, कडू लागला तर नाही.

सोमानं पाला चघळून तोंड वाकडं केलं.

"कसा लागतो रं?" काळूनं विचारलं.

"लय कडू. हिच्या बोलण्याची सवय हाय, तरी कडू."

"मंग जा घरी. चढलं नाय."

चिमणाबाई पोटभर हसली. हसून घेतलं बिचारीनं.

सकाळी सोमाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. पाय मांडीपर्यंत टम्म, लघवी लाल. जीपमध्ये घालून त्याला नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. तरण्या डॉक्टरीणबाईंनी रक्त काढून काचेच्या नळीत उभं ठेवलं. "मावशी, वीस मिनिटं हात लावायचा नाही. हे थिजलं पाहिजे."

चिमणाबाई नळीवरून नजर हलवेना. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. विषावरचं औषध सलाईनमधून सुरू झालं. सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा पातळच. तिसऱ्या वेळी मात्र नळी उलटी केली तरी थेंब पडला नाही.

"थिजलं की, बाई! मंग घरी न्यू?"

डॉक्टरीणबाई खाली बसल्या. "मावशी, शरीरातल्या रक्ताच्या नळ्यांना आतून बारीक पेशींचं अस्तर असतं. फरशीला फरशी भिडवावी तसं. घोणसीच्या विषानं ते सांधे उकललेत, पेशी मेल्यात. फटींतून अंगातलं पाणी बाहेर झिरपतंय. मूत्रपिंडंही बंद पडलीत. औषधानं राहिलेलं विष मारलं. उकललेलं शिवता येत नाही."

"पण पाला कडू लागला हुता."

"लागणारच. हे विष जिभेला कळत नाही. काल लगेच आणलं असतं..." बाईंनी पुढचं गिळलं. चिमणाबाईला तेवढं पुरलं.

मग दोन दिवस ती पायाशी बसून राहिली. सोमाचा चेहरा सुजून परका झाला. बोटानं दाबलं की कातडीत खड्डा पडे आणि भरतच नसे. ती सारखी दाबून बघे. "अवं, बोला की," म्हणे. तो आधीच कमी बोलणारा.

तिसऱ्या दिवशी दुपारी सोमा गेला. वॉर्डातला माणूस त्याच्या मनगटातलं चांदीचं कडं काढू लागला, पण सुजेत ते रुतून बसलं होतं. तो साबण आणायला उठला.

"ऱ्हाऊ दे, भाऊ," चिमणाबाई म्हणाली. "त्येला दुखंल."