मुक्ती वरच्या मजल्यापुरती

माझ्या सासऱ्यांना अमेरिकेच्या त्या दाढीवाल्या अध्यक्षाचं भारी वेड. जन्मभर तांबरमच्या शाळेत इतिहास शिकवला, निवृत्त झाले, पण वर्ग काही सुटला नाही. आता वर्गात मी एकटी, तीही पोळ्या लाटताना. यादवी युद्धात त्याने गुलामांना कसं सोडवलं, ते मी इतक्यांदा ऐकलंय, की त्या गुलामांनीही ऐकलं नसेल.

मी साताऱ्याची, हे घर तंजावरी मराठ्यांचं. इथे सासऱ्यांना मामंजी म्हणतात. मामंजींची मराठी जुनाट, वर तमिळ हेल, आणि एखादी गोष्ट पटली की ‘सेरी’. सासूबाई गेल्यापासून आमच्या खालच्या घरात बाई मी एकटीच. आजेसासऱ्यांच्या श्राद्धाला सुनेनं पहाटे न्हाऊन सोवळ्यात सगळा स्वयंपाक करायचा, आणि ब्राह्मण जेवेपर्यंत चवसुद्धा घ्यायची नाही, असा कडक नेम. नवरा काय करतो? तूप वाढतो.

यंदा मला सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरी लागली. लग्नात सुटलेलं काम पुन्हा हाती आलं, म्हणून मी हवेतच होते. आणि रुजू व्हायचा दिवस नेमका श्राद्धाचा! दिवस बदला म्हटलं, तर उत्तर आलं, त्या दिवशी आला नाहीत तर जागा दुसऱ्याला देऊ. मला रडूच फुटलं. नवरा म्हणाला, “अप्पांना तूच विचार.” वा रे शूर!

मी विचारलं. पण मामंजींना तेव्हा वेगळाच घोर लागला होता. वरच्या मजल्यावर त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे चुलत सासरे, आणि त्यांच्याकडेही रांधणारी सून एकच. त्यांना घराची वाटणी हवी होती, आपला भाग बिल्डरला द्यायचा होता. यंदाचं श्राद्धही वर वेगळं करणार म्हणून त्यांनी जाहीर केलं होतं.

“घर फुटता कामा नये,” मामंजी म्हणाले. “आधी घर एकत्र राहू दे. तुझ्या नोकरीचं मागनं बघू.”

आता त्या अध्यक्षाचंही सुरुवातीला हेच होतं. आधी देश वाचू दे, गुलामांचं मग बघू. म्हटलं, चांगल्या गुरूचा चेला दिसतोय.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी जिन्याखाली उभं राहून वरपर्यंत ऐकू जाईल असं ठणकावलं, “या घराचा वडील म्हणून सांगतो, वरच्या सुनेला यापुढे सोवळ्याच्या स्वयंपाकाची सक्ती नाही!” वरची चूल बंद पाडायची, म्हणजे वेगळं श्राद्ध आपोआप बारगळेल, असा डाव.

“आणि खालच्या सुनेला?” मी विचारलं.

“तू आपल्या बाजूची आहेस की, अम्मा!”

मी कपाळाला हात लावला. अध्यक्षानंही अगदी हेच केलं होतं. बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त, म्हणजे जिथे त्याचं कोणी ऐकत नव्हतं तिथले. आपल्या बाजूच्या राज्यांतले होते तसेच. धड्याचा हा भाग मामंजी नेहमी घाईघाईत उरकत.

वरची जाऊ मात्र पक्की. संध्याकाळी ती खाली आली आणि मामंजींसमोर पदर खोचून उभी राहिली.

“मोठे मामंजी, तुम्ही मला सोडवलंत, मी तुमच्या पक्षात आले. वर मी काही रांधणार नाही, सांगून आलेय. श्राद्ध खाली, एकत्र होऊ दे. पण हिलाही सोडा. नाहीतर मी आत्ता वर जाते आणि सोवळं नेसते.”

“मग रांधणार कोण?”

“तुम्ही. सोवळ्यातले आचारी पुरुष नसतात काय?”

मामंजी बराच वेळ येरझाऱ्या घालत होते. मग पडेल आवाजात म्हणाले, “सेरी.”

श्राद्धाच्या पहाटे मी कंपनीच्या बसमध्ये बसले आणि खिडकीकडे तोंड करून मनसोक्त रडले. आनंदानं हो! संध्याकाळी घरी येऊन बघते तर मामंजी आणि चुलत सासरे, दोघंही सोवळ्यात, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसलेले. धाकटे भाऊ फजिती बघायला आले होते, ते वाटण वाटायला लागले. खीर करपली होती. आमटीत दोघांनीही मीठ घातलं होतं, आणि चव कोण बघणार? ब्राह्मण बिचारे पाण्याबरोबर गिळून गेले. पण जाऊ सांगत होती, वाटणीचा शब्दही दिवसभर कोणी काढला नाही.

मामंजींचा चेहरा फुलला होता. “बघ, घरही वाचलं आणि तूही सुटलीस!”

“खरंच, मामंजी, फार बरं वाटलं. मग उद्या डब्याला काय करताय?”

“उद्या?”

“नोकरी रोजची आहे.”

त्यांनी ओट्याकडे पाहिलं, राखेनं घासायच्या करपलेल्या पातेल्याकडे पाहिलं. चुलत सासरे हळूच उठून जिन्याकडे सरकले.

“रोज?” मामंजींचा आवाज असा काही निघाला, की मलाच त्यांची दया आली. क्षणभरच.

“रोज,” मी म्हटलं. “मी नाही का केला इतकी वर्षं?”