चिंगीसाठी दाराला पाडलेलं भोक

मित्रांनो, आज सकाळी मुलाने आमच्या छोट्या कुत्रीसाठी दाराला झडप बसवायला सुतार बोलावला आणि मला आमच्या जुन्या घराचं दार आठवलं.

बहात्तरच्या सुमारास आम्ही देवळाली प्रवराला उसाच्या कडेला राहायचो. चिंगी कुत्रीला ये-जा करता यावी म्हणून वडिलांनी दाराला खाली भोक पाडलेलं. एका दुपारी त्यातून नाग आत आला. समोर गोधडीवर धाकटी बहीण झोपलेली.

"हलू नगं, बाळा," आई पुटपुटली. तिने माझा हात घट्ट धरला होता.

तेवढ्यात चिंगी त्याच भोकातून शिरली आणि नागावर तुटून पडली. बहीण वाचली. चिंगी मात्र नाग डसल्याने तासाभरात गेली.

भोक नसतं तर नाग आला नसता, हे खरं. पण भोक नसताना तो उंबऱ्याखालच्या फटीतून आला असता, तर चिंगी आत कशी येणार होती?

सुतार ओट्यावर थांबलाय. काय सांगू त्याला?